फ्रेंच देवाच्या पाया पडलो, त्याची गोष्ट

तुम्ही हसाल, पण इथे बहरीनमध्ये मी एका फ्रेंच माणसाच्या पाया पडलोय, तेही देव समजून.

सनाबिसच्या एका हॉलमध्ये फ्रेंच लोकांचा विनोदी ऑपेरा होता, म्हणजे गाण्यांचं नाटक. सेटची सुतारकी माझ्याकडे, लाइट रत्नागिरीच्या वलीभाईंकडे. गोष्ट मला त्यांनीच सांगितली. ग्रीकांच्या पुराणातली, पण टिंगल केलेली. बायको मरते, नवरा सुटतो. पण लोक काय म्हणतील म्हणून तिला आणायला पाताळात जातो. आणि देव सगळे एकजात आळशी.

म्हटलं, हा तर आमचा दशावतारच झाला.

प्रयोगाच्या दिवशी देवांचा राजा विंगेत माझ्याशेजारी येऊन उभा राहिला. दाढी, मुकुट, हातात वीज. आमच्या कुडाळकडे तोंडाला रंग लागला की तो माणूस राहत नाही. मी चप्पल काढली आणि वाकलो.

तो दचकून मागे सरला. वलीभाई कुजबुजले, "अरे, कामावरून काढतील आपल्याला."

देव इंग्रजीत म्हणाला, "या देवाला आता कोणी मानत नाही, म्हणून आम्ही हसतो. तुमच्यात देवांना हसत नाहीत?"

"हसतो की," मी माझ्या मोडक्या इंग्रजीत सांगितलं. "पोट धरून हसतो. मग पाया पडतो."

तेवढ्यात त्याची एंट्री आली. वलीभाईंनी "यल्ला, यल्ला", म्हणजे इथल्या अरबीत 'चला, चला', करत त्याला स्टेजवर ढकललं. तिथे तो धडपडला, आपटला, अख्खा हॉल हसला.

परत आला तो थेट माझ्यासमोर. सोनेरी सँडल काढून त्याने पाय पुढे केला आणि म्हणाला, "यल्ला."