शेवटचा डबा

दोन हजार चोवीस साल, मले तवा बहात्तरावं लागलं होतं. शाळा म्हणान तर दुसरी, तेबी अर्धी, पण मूर्तिजापूरच्या रेल्वेच्या लहान लाईनवर सारी नोकरी मी फाटकावर काढली आन् कोनाचं ऐकून घेतलं नाही, हे पहिलेच सांगून ठेवतो. आता गाडी बंद हाय, मी घरीच असतो. सून सविता कॉम्प्युटरवर शेतकऱ्याईचे अर्ज भरते, अकोल्याच्या जठारपेठेतल्या एका हापिसाचं काम. तिचं मनगट सुजलं, तर तिनं मॅक्रो बसवला. मॅक्रो म्हंजे काय सांगू तुमाले, आपण एकदा करून दाखवायचं, मंग कॉम्प्युटर तेच आपल्या मनानं करत राह्यते.

पण तो लय घाईचा. नवीन पान उघडाच्या आतच लिहायले लागे, मंग गणपतचं नाव जाऊन बसे शांताबाईच्या अर्जात. हापिसवाला फोनवर म्हणे, आता एक जरी अर्ज बिघडला तर उद्यापासून काम दुसरीले. सविता रडकुंडीले आली. मी मनलं, दहा मोजल्याशिवाय हात लावू नको मन त्याले. ती म्हणे, मामाजी, वीसबी लावून पाह्यले, नेट सुस्त असलं का वीसबी पुरत नाही. मी मनलं, तीस कर. ती म्हणे, तुमी जा बरं, चहा घ्या. मले राग आला, पण गेलो नाही.

तिथंच बसल्या बसल्या ते आठवलं, जे चाळीस वर्सं कोनाले सांगितलं नोतं. मालगाडी आली, इंजिन गेलं, डबे गेले, मी रोजच्या अंदाजानं फाटक उघडलं. नियम असा का शेवटच्या डब्याची लाल पाटी पाहावी, मंगच उघडावं. मी पाह्यली नाही. मधातली कडी तुटून दोन डबे मांगं राह्यले होते, ते घरंगळत आले. गावातल्या नामदेवच्या बैलगाडीचं चाक मोडलं, तो उडी मारून वाचला. आन् साहेबाले मी सांगितलं, यानंच फाटक ढकललं.

हे सारं सवितेले सांगून टाकलं. ती माह्याकडे पाहतच राह्यली. मी मनलं, पाहून काय राह्यली, तुह्या पानाचा शेवटचा डबा कोनता ते सांग. ती म्हणे, सगळ्यात खाली हिरवं बटन येते, ते आलं का पान पुरं झालं. मी मनलं, मंग मोजनं सोड, ते दिसल्याशिवाय हालू नको मन त्याले.

तशी सोय मॅक्रोत होती, तिनं ती लावली. पान अडकलं, चकरी फिरून राह्यली, आमी दोघं पाहून राह्यलो, मॅक्रो गप उभा. बटन आलं तवाच लिहायले लागला, गणपत गणपतच्याच अर्जात. दिवस बुडाच्या आत सारे अर्ज गेले, एकबी बिघडला नाही. सविता म्हणे, सुटलो बापा मामाजी. मी मनलं, तू सुटली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच धोतर नेसून नामदेवच्या घरी गेलो. तो ओट्यावर बसला होता. उभ्यानंच मनलं, ते फाटक मीच उघडलं होतं. तो म्हणे, मले काय सांगून राह्यला, मी होतो ना तिथं. बस आता. मी बसलो.