मोरेश्वररावांनी सोफा पारखला

मंडळी, आज आधी एक प्रश्न विचारतो, मग गोष्ट सांगतो. जो माणूस आयुष्यात एकदाही फसला नाही, त्याला सुखी म्हणायचं का?

ते मागचे काका मान डोलावताहेत. सुखीच म्हणायचं! काका, तुम्ही मघापासून दर ओवीला दाराकडे बघताय, चपला नव्या दिसतात. असू द्या, बघा खुशाल. देवाच्या दारात बसलोय, पण देवाच्या दारातूनच चपला जातात, हेही खरं आहे ना? तर फसू नये, हे मला मान्य. पण न फसणारा सुखी का? हा प्रश्न मनात ठेवा आणि माझ्याबरोबर कराडला चला.

कराडात मोरेश्वरराव खटावकर नावाचे एक गृहस्थ. वजनमापे खात्यात निरीक्षक होते, आता निवृत्त. नोकरी काय? तर बाजारात जायचं, दुकानदाराचा तराजू तपासायचा, वजनाच्या पोटात कुणी शिसं काढून भुसा भरलाय का बघायचं. उभ्या नोकरीत एक पैसा खाल्ला नाही. माणूस सचोटीचा, सोन्यासारखा. पण मंडळी, रोज चोर शोधणाऱ्या माणसाचं एक होतं — त्याला सुट्टीच्या दिवशीही चोर दिसायला लागतात! निवृत्त झाले, खुर्ची गेली, डोळे तेच राहिले. दूध आलं की मापात ओतून बघायचे. पेपरात पंचांग आलं, तर दुसऱ्या पेपराशी ताडून बघायचे. सूर्य सहाला उगवणार म्हणतो हा, बघू तरी! अहो, निदान सूर्याला तरी सोडा!

पण सगळ्यात मोठा राग डॉक्टरांवर. मागे एकदा शरयूबाईंचं, म्हणजे त्यांच्या पत्नीचं, पोट दुखत होतं. डॉक्टरांनी फोटो काढायला सांगितला. मोरेश्वररावांनी तिथंच उलटतपासणी सुरू केली. हा फोटो कशाला, त्या प्रयोगशाळेतच का, तुमचं आणि त्यांचं नातं काय? डॉक्टर तापले, हेही तापले, आणि पोट धरून बसलेली बाई दोघांच्या मधे. तिथून तशाच उठून घरी आल्या. पोट आपोआप दुखायचं थांबलं, आणि मोरेश्वरराव जिंकले. बघितलंस, म्हणाले, काही झालेलंच नव्हतं.

शरयूबाई काही बोलल्या नाहीत. मंडळी, बायको काही बोलली नाही की आपण समजतो, पटलं तिला. अशी चूक करू नका.

आता गोष्ट पुढे जाते. घरात मुलगा कपिल, तो कामानिमित्त बराचसा बाहेरगावी. सून ऋजुता, बँकेत नोकरीला. एके दिवशी जेवताना ऋजुतानं विषय काढला. दिवाणखान्यातला सोफा पार बसलाय, स्प्रिंगा टोचतात, आपण नवा घेऊ या. आणि घ्यायचाच तर कोपऱ्याला वळणारा मोठा घेऊ, पाठ मागे रेलता येते आणि पाय वर उचलले जातात तसला, खऱ्या चामड्याचा. टिकतो, पुसता येतो, धुळीचं काही नाही.

मोरेश्वररावांचा घास हातातच राहिला. चामड्याचा सोफा? देवघराला लागून असलेल्या खोलीत चामडं? हे त्यांनी बोलूनही दाखवलं. त्यावर शरयूबाई हळूच म्हणाल्या, देवापुढं मृदंग वाजतो, तो कशाचा असतो?

ओ तबलजी, हसू नका! तुमच्या हाताखाली काय आहे, ते सगळ्यांना दिसतंय.

खरं तर उत्तर बिनतोड होतं. पण मोरेश्वररावांना उत्तर ऐकूच आलं नाही. त्यांना ऐकू आला तो आवाज. जी बाई लग्नापासून आजवर घरासाठी कधी काही मागत नव्हती, साडीसुद्धा घरात येईल ती नेसायची, ती आज सोफ्याची बाजू घेते? इथं काहीतरी आहे.

आणि संशयाचं असं असतं मंडळी, एकदा बसायला पाट दिला की तो जेवायलाच थांबतो. मोरेश्वरराव मागचं आठवू लागले. शरयू पुढच्या खोलीत झोपायला गेली, ती दिवाळीनंतर. कारण काय सांगितलं? तुमच्या पंख्यानं मला सर्दी होते. इतकी वर्षं नाही झाली, आताच कशी होते? सासू-सुना स्वयंपाकघरात बोलत असतात, आपण पाणी प्यायला गेलो की भांडी वाजायला लागतात. परवा दोघी भाजीला म्हणून गेल्या, परत आल्या तेव्हा पिशवी रिकामी. मंडईत भाजी नव्हती? कराडच्या मंडईत? कृष्णा-कोयनेच्या संगमावर बसून कुणी पाणी नाही म्हणावं, तसंच झालं हे!

मग त्यांनी आपल्या मनाशी निकाल लावला. हा सोफा बसायचा नव्हे, हा आपल्याला बसवायचा डाव आहे. पाठ मागे जाते, पाय वर येतात, म्हणजे तो पलंगच झाला की. म्हाताऱ्याला पुढे आणून टाकायचं, आतली मोठी खोली मोकळी करून घ्यायची. आणि शरयू त्यांना सामील! ही फितुरी त्यांना सुनेपेक्षा जास्त लागली. पण तोंडानं काही बोलले नाहीत. निरीक्षक छापा घालण्याआधी ओरडतो का? ते शांतपणे म्हणाले, चला, बघून तर येऊ.

मी एक ओवी जुळवली आहे, माझीच आहे, साधी आहे, गोड मानून घ्या. पेटीवाले, सूर द्या—

संशयाचा दिवा । लावियेला घरी
उजेड बाहेरी । आत काळोख

तर हायवेला लागून एक मोठं फर्निचरचं दुकान आहे, तिथं तिघं गेले. काचेचं दार, आत गारवा, आणि ओळीनं मांडलेले सोफे. भोईटे नावाचे व्यवस्थापक पुढं आले. बोलायला मोठे गोड. आता गोड बोलणाऱ्या माणसाला मोरेश्वररावांच्या लेखी काही आशाच नाही!

भोईट्यांनी एक तपकिरी सोफा दाखवला. कोपऱ्यात वळलेला, दोन्ही टोकांना रेलायची सोय. शंभर टक्के खरं चामडं, म्हणाले, पिढ्यान्‌पिढ्या टिकेल. मोरेश्वररावांनी खिशातून भिंग काढलं. खरंच काढलं! सोफा बघायला भिंग घेऊन गेलेला माणूस मी तरी दुसरा ऐकला नाही. आधी बैठकीवर अंगठा दाबून बघितला. दाबल्यावर बारीक सुरकुत्या पसरतात का? पसरल्या. वास घेतला. ठीक. मग हात पाठीमागं नेला, तिथं दाबलं, तर सुरकुती नाही. भिंग लावलं, तर कातडीवरची छिद्रं एकसारखी, ओळीत, शिपायांसारखी उभी. त्यांनी खालची चेन शोधून काढली, उघडली आणि आतली बाजू उलटी केली. आत विणलेलं कापड.

मोरेश्वरराव भोईट्यांकडे बघून म्हणाले, "म्हैस काय अस्तर लावून जन्माला येते?"

भोईट्यांचा चेहरा पडला. बैठक तेवढी चामड्याची, पाठ आणि कडा रेक्झिनच्या. कंपनी असंच बनवते, म्हणाले, लेदरचाच म्हणून विकायची पद्धत आहे. मोरेश्वररावांनी सोडलं नाही. शेजारचा काळा सोफा उचकटला, तो त्याहून वाईट. चामड्याचा चुरा करून गोंदानं थापलेला, दोन उन्हाळ्यांत पापुद्रे सुटले असते. मग सांगाडा कशाचा, सागवानी की भुशाच्या फळीचा? रेलायचा खटका लोखंडी की पत्र्याचा? भिंतीपासून किती पुढं ठेवायचा? शेवटी भोईटे त्यांना अगदी आतल्या दालनात घेऊन गेले. तिथं मात्र खरा माल होता. मागून पुढून चामडं, आत लाकूड, खटका दणकट. मोरेश्वररावांना बरं वाटलं. किती दिवसांनी असा छापा पडला होता! कुणाला तरी हे सांगावं म्हणून ते मागं वळले, तर शरयूबाई मागं नव्हत्या.

मंडळी, इथं तुम्ही जरा सरसावून बसा.

बाहेरच्या दालनात एका टोकाच्या सोफ्यावर त्या बसल्या होत्या. पाठ अर्धवट मागं, पाय वर. ऋजुता शेजारी उभी, आपली ओढणी त्यांच्या पायांवर पसरत होती. मोरेश्वररावांच्या मनात पहिला विचार कोणता आला असेल? बघा, किती सराईतपणे बसली आहे, याआधी येऊन गेलेल्या दिसतात! दोघींना आता धरायचंच, म्हणून ते ताडताड पुढं गेले. ऋजुतानं त्यांना बघितलं आणि ओठांवर बोट ठेवलं.

शरयूबाई झोपल्या होत्या.

भर दुपारी, परक्या दुकानात, लोक येताजाताना, वर गाणी लागलेली. आणि ती बाई तोंड किंचित उघडं टाकून लहान मुलासारखी गाढ झोपली होती. जी कधी पाहुण्यांसमोर भिंतीला टेकली नाही, ती! मोरेश्वरराव बघत राहिले. तिच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं. पायावर, घोट्याशी, सूज होती. तराजूत राईएवढा फरक ओळखणाऱ्या माणसाला हे आज दिसलं.

त्यांनी सुनेला हलक्या आवाजात विचारलं, हे काय आहे?

ऋजुतानं त्यांना दोन पावलं बाजूला घेतलं. मग तिनं सांगितलं. आईंना आडवं झालं की दम कोंडतो. दिवाळीपासून. उशा रचून, भिंतीला टेकून, बसून रात्र काढतात. तुम्हाला कळू नये म्हणून पुढच्या खोलीत गेल्या. भाजीला म्हणून गेलो, ते डॉक्टरांकडे. हृदयाची झडप सैल झाली आहे. गोळ्या चालू आहेत, पण पाठ उंच ठेवून झोपायला हवं, म्हणाले.

"मग एक खुर्ची आणायची," मोरेश्वरराव म्हणाले. "एवढा मोठा सोफा कशाला?"

"एक खुर्ची आणली असती, तर तुम्ही विचारलं असतं, कुणासाठी," ऋजुता म्हणाली. "सगळ्यांसाठी सोफा आणला, तर आईंना त्यात लपता येईल असं वाटलं, बाबा. चामड्याचा हवा होता, कारण त्यांना दरदरून घाम येतो. पुसता आला असता."

मंडळी, ज्या डावाचा शोध ते इतके दिवस घेत होते, तो डाव होता खरा! संशय चुकला नव्हता. बायको लपवत होती, सून सामील होती, सोफ्यामागं कारण होतं. सगळं खरं निघालं. फक्त त्या सगळ्याच्या मागं लबाडी नव्हती, भीती होती. आणि ती भीती मृत्यूची नव्हती हो. नवऱ्याच्या प्रश्नांची होती.

भोईटे चहा घेऊन आले आणि बोलायला तोंड उघडणार, तोच मोरेश्वररावांनी हात जोडले. बोलू नका, अशी खूण केली. समोरच्या स्टुलावर ते बसून राहिले. कुणी गिऱ्हाईक मोठ्यानं बोललं की उठून त्याला बाजूला न्यायचे.

शरयूबाई जाग्या झाल्या. समोर नवरा बसलेला, त्याचा चेहरा बघितला आणि समजल्या. पदर सावरत म्हणाल्या, "तुम्ही खरं-खोटं करत बसला असता. मला तेवढा दम नव्हता हो."

रागानं नाही म्हणाल्या. रागानं म्हणाल्या असत्या तर मोरेश्वररावांना बरं वाटलं असतं.

पुढं काय झालं? सोफा आला, आतल्या दालनातला. मोरेश्वरराव पत्नीबरोबर डॉक्टरांकडे जाऊ लागले. पहिल्या दिवशी जीभ शिवशिवली. ही गोळी का, हीच का? पण शरयूबाईंचा हात त्यांच्या हातात होता, आणि तो हात ताठ झालेला त्यांना कळला. मग त्यांनी एवढंच विचारलं, हिला त्रास कमी व्हावा म्हणून मी घरी काय करू? डॉक्टर त्यांच्याशी बराच वेळ बोलले. दुखणं पूर्ण गेलं, असं मी सांगणार नाही. झडप ती झडप. पण सूज उतरली, झोप लागू लागली.

एका संध्याकाळी दोघं सोफ्यावर बसले होते. ती टोकाशी रेललेली, हे वळणाच्या अलीकडे. जुनी सवय, मोरेश्वररावांनी विचारलंच, अजून काही लपवलं आहेस का? विचारलं आणि त्यांचं त्यांनाच वाईट वाटलं.

शरयूबाई सरळ बसल्या. म्हणाल्या, हो. सुमनवन्संशी मी फोनवर बोलते.

सुमन ही मोरेश्वररावांची धाकटी बहीण. जमिनीच्या वाटणीत तिनं आपल्याला फसवलं, असं त्यांनी ठरवलं होतं, आणि कित्येक वर्षं तिचं नाव घरात निघालं नव्हतं. शरयूबाई नवऱ्याच्या तोंडाकडे बघत होत्या. कधीपासून, का, काय बोलता, कुणी आधी फोन केला? सगळे प्रश्न मोरेश्वररावांच्या जिभेवर आले असतील. त्यांनी ते गिळले.

"कशी आहे ती?" त्यांनी विचारलं.

आणि शरयूबाई सांगू लागल्या. दिवे लागले, ऋजुता बँकेतून आली, तरी त्या सांगतच होत्या.

तर मंडळी, न फसणारा माणूस सुखी का? बाजारात पारख करा, जरूर करा. खालची चेन उघडून बघा, मी नाही म्हणत नाही. पण घरी गेल्यावर स्वतःला एक विचारा. तुमच्या घरात वाईट बातमी आधी तुम्हाला सांगतात, की आधी तुमच्यापासून लपवतात? काका, तुम्हीच नाही, मी सगळ्यांना विचारतोय. ज्याला फसवता येत नाही, त्याच्यापुढं बाजारात खोटं टिकत नाही हे खरं. पण घरात त्याला खरंही कुणी सांगत नाही!

आणि हा गाभाऱ्यात समोर उभा आहे, त्याच्याकडे बघा. याच्यापासून आपलं काय लपलंय? आपली सगळी लबाडी याला ठाऊक. तरी आपण येतो, खांबाआड उभे राहतो आणि जे बायकोला सांगत नाही, नवऱ्याला सांगत नाही, ते याला सांगतो. का सांगतो? कारण हा सगळं जाणून असतो, आणि तरी उलट एक प्रश्न विचारत नाही.

हात जोडा. आज त्याच्याकडे काही मागू नका. त्याच्यासारखं ऐकून घेता यावं, एवढं मनात धरा आणि त्याचं नाव घ्या.