खुर्चीतून उठायचा वर्ग

...आणि वर मलाच म्हणते, "काका, खुर्चीतून नीट उठायचं कसं, ते आज शिकू या." मला! बत्तीस वर्षं शाळेत कवायत शिकवली हो मी! माझ्या एका शिट्टीवर सहाशे पोरं उठायची, सहाशे बसायची, आणि ही कालची पोरगी, व्यायाम शिकवते म्हणे, गळ्यात साधी शिट्टीसुद्धा नाही! तुम्हीच सांगा, खुर्चीतून उठणं ही काय शिकायची गोष्ट आहे?

झालं काय, माझा डावा गुडघा गेला. म्हणजे आहे जागेवर, पण कामातून गेला. जिना उतरताना असा वाजतो की शेजारी दार उघडून बघतात. हाडांचा डॉक्टर म्हणाला, "झीज आहे. बारा आठवडे व्यायाम करा. हात न टेकता अर्ध्या मिनिटात दहा वेळा उठलात, तर ऑपरेशन लांबवू. नाही तर..." नाही तर काय, ते त्याने हाताने कापूनच दाखवलं! तुम्हाला सांगतो, मी घाबरलो. मैदानावर वाघ असेन, पण सुई दिसली की मला घेरी येते, खोटं कशाला बोलू!

म्हणून गेलो त्या वर्गाला. आठवड्यातून एकदा, इस्पितळाच्या तळघरात. आठ खुर्च्या, आठ म्हातारी माणसं, आणि उठताना प्रत्येकाच्या तोंडून "आई गं!" हा काय व्यायाम? ना रांग, ना ताल! एक निवृत्त पोस्टमन होता, तो उठायच्या आधीच दमायचा. आणि एक बाई... मी मनातल्या मनात तिला सोफाबाई म्हणायचो, कारण बसली की कायमचीच बसली असं वाटायचं. पहिल्या दिवशी तीनदा उठली आणि पाणी मागितलं! मी म्हटलं, "या बाईंचं काही खरं नाही." तर ती पोरगी म्हणते कशी, "काका, आपण आपल्या गुडघ्याकडे बघा." काका! "सर" म्हणायला काय जीभ झिजते?

घरी करायला वाळूची पिशवी दिली. पायाला बांधायची, खुर्चीत बसून पाय सरळ वर करायचा. डाव्याला बांधली... अहो, ब्रह्मांड आठवलं! मग मी माझं डोकं लावलं. शाळेत तपासणीला साहेब आले की आपण कच्चं पोर पुढे काढतो का? पक्कं पोर पुढे, कच्चं मागच्या रांगेत! बांधली पिशवी उजव्या पायाला. काय सुरेख चालला व्यायाम! एक-दोन, एक-दोन! पिशवीबरोबर मिळालेल्या तक्त्यावर रोज खूण! बायको म्हणाली, "अहो, दुखतो तो डावा ना? मग हलवताय कोणता?" मी म्हटलं, "पक्कं पोर पुढे काढायचं असतं, तुला कवायतीतलं काय कळतंय?" बत्तीस वर्षांच्या मास्तराला हे शिकवणार! खुर्चीतून उठणं ही काय शिकायची गोष्ट आहे?

बाराव्या आठवड्यात परीक्षा. पोस्टमन, अकरा. सोफाबाई... तुम्हाला सांगतो, चौदा! पाणीसुद्धा मागितलं नाही! मग मी. पाठ ताठ, हात छातीवर, माझी शिट्टी मीच फुंकली. एक, दोन, तीन... सातव्याला डावा पाय असा थरथरला म्हणता, बदकन खाली! पोरीने टेप काढून दोन्ही मांड्या मोजल्या. उजवी चांगली भरलेली. डावी... होती तेवढीसुद्धा राहिली नव्हती. "काका, पिशवी कोणत्या पायाला बांधत होतात?" आणि दारातून आमची ही म्हणते, "पक्क्या पोराला!"

सगळे हसले हो. पोस्टमनसुद्धा! मला मात्र समोर ती सुईच दिसायला लागली, डोळ्यांत पाणी आलं. शेवटी त्याच पोरीने डॉक्टरला फोन करून माझ्यासाठी आणखी बारा आठवडे मागून घेतले. अट एकच, घरी कोणीतरी लक्ष ठेवायचं. आणि लक्ष ठेवायला आमच्याच गल्लीत राहणारं कोण निघावं?

आता रोज सकाळी सात वाजता सोफाबाई येतात. पिशवी स्वतः बांधतात, डाव्याच पायाला, गाठ दोनदा तपासून. मग शिट्टी वाजवतात. शिट्टी माझीच, हिने काढून दिली. आणि चहा पिताना हिला सांगतात, "कच्चे आहेत, पण होतील तयार." ऐकून घेतो... आणि शिट्टी झाली की उठतो.