सामाईक भिंतीतला खिळा

चहा घ्या, पण त्या तिरप्या फळीला हसू नका. कळंबच्या आमच्या या जुन्या घरात ग्रंथांसाठी ती मी स्वहस्ते, मोठ्या हौसेने बसवली. एक टोक बोटभर उतरलेले दिसले, म्हणून दुसऱ्या दिवशी तिथला लांब खिळा उपटू लागलो. तोच सामाईक भिंतीपलीकडून शेजारचा प्रभाकर ओरडला,

"गुरुजी, थांबा! काहून काढून राह्यले? तुमचा खिळा इकडं निघाला, त्याच्यावर आमी बाबाचा फोटो टांगला. हार बी घातला!"

"अरे, माझे ग्रंथ घसरतात! खिळा वर घ्यायलाच हवा."

"मंग दुसरा ठोका ना. पण वर कायले? खाली ठोका, आमाले टॉवेल टांगाले होईल."