पाठीमागचा उजेड

नाही रे सरदोर, तसला फोटो मी आता काढत नाही. समोरून फ्लॅश मारतो, सगळे गोरेगोमटे दिसतात – बस्स. तुझ्या मावशीनं सांगितलं ना? होती ती माझ्या मुलीच्या, मुहय्योच्या सासरी, लग्नाच्या दुसऱ्या दिवशी – कॅमेऱ्याच्या एवढ्याशा पडद्यावर बघून 'चेहऱ्यावर काय नूर, काय तेज' करत होती. नूर कसला! फ्लॅश कॅमेऱ्यावरून काढून नवरीच्या मागे स्टँडवर लावला, एवढंच. – चहा घे, गार होतोय.

नवी सून सासरच्यांना वाकून सलाम करते, त्या सुनेच्या सलामाला मुलीच्या बापानं जायचं नसतं, ठाऊक आहे मला. पण म्हटलं, अख्ख्या मार्गिलान शहरात माझ्या पोरीचे फोटो दुसरा कोण काढणार? फोटोवाला म्हणून गेलो. तिथंच फसलो – फोटोवाल्यानं मधे बोलायचं नसतं. मुहय्यो तोंडावरून दुहेरी ओढणी घेऊन उभी, सासरच्या एकेकाचं नाव पुकारलं की वाकते. ओढणीआड काय चाललंय, कुणाला दिसतंय? मागून फ्लॅश पडला की मात्र कापडातून आरपार दिसतं – क्षणभर. डोळ्याला नाही कळत, कॅमेऱ्याला कळतं.

रडत होती. तिची आई म्हणते, नव्या नवऱ्या रडतातच. मलाही आधी तेच वाटलं. पण घरी येऊन फोटो मोठे करून पाहिले – वाकताना मान खाली, आणि फ्लॅश पडताना तेवढी वर, सरळ माझ्याकडे. एकात डावीकडे वळलेली, पुढच्यात उजवीकडे – नाही, नाही म्हणत होती रे! आणि मी काय म्हणत होतो? 'अशीच राहा पोरी, छान!' अरे, लहानपणापासून माझे सगळे प्रयोग तिच्यावरच झालेत. जाळीचा पडदा डोक्यावर घेऊन ह्याच स्टुलावर बसायची, मी मागे फ्लॅश हलवत राहायचो – 'आता दिसले का, बाबा?' त्या भरल्या अंगणात फक्त मलाच दिसणार, हे तिला ठाऊक होतं.

आता काय करू, तूच सांग. जाऊन म्हणू, फोटोत दिसलं? परत आणली तर सगळी गल्ली तिलाच बोल लावेल. इकडे विहीणबाईंचा निरोप – तोच फोटो हवा, भिंतीवर लावायला, मोठ्ठा! फोनवर विचारतो, 'बरी आहेस ना?' म्हणते, 'बरी आहे, बाबा.' आणि मागून कुणीतरी खोकतं.

तुझं लग्न पानगळीत ना? मुलीला विचारलंस, तिला हवंय का? – तिच्या आईबापाला नव्हे रे, तिला.

चहाच ढवळत बसलास – म्हणजे नाही विचारलंस.

– ऊठ. दुसरा फोटोवाला बघ, जा. आणि दार ओढून घे.