केवढ्याला घेतलेस?

...नाही, मला सांगा, माणसाने पायात अठरा हजारांचे बूट घातलेत आणि पहिल्या आठ दिवसांत एक माणूस, एक माणूस हो, विचारत नाही की बाबा, केवढ्याला घेतलेस? लोकांच्या माना आखडल्यात का? आता तुम्ही म्हणाल, मग आपणच सांगून टाकावं. छे, तिथेच तर चुकतं. तुम्हाला सांगतो, चष्म्याच्या दुकानात एकवीस वर्षं उभा आहे मी, साध्या फ्रेमला चिठ्ठी लावतो, भारीतल्या फ्रेमला नाही. किंमत आपण सांगायची नसते, समोरच्याने विचारायची असते.

पण विचारणार कोण? दुकानात मी काउंटरच्या मागे, बूट काउंटरच्या खाली. मुद्दाम बाहेर येऊन गिऱ्हाईकासमोर पाय पुढे करून उभा राहिलो, तर त्याचा चष्मा माझ्याच हातात. भिंतीवरचं हे एवढं अक्षर त्याला वाचता येईना, बूट दिसणार कपाळ! मालक तेवढे म्हणाले, "पाय दुखतोय का रे?" दुखत होता, ते वेगळं. भारीतलं चामडं सुरुवातीला चावतंच.

मग म्हटलं, साडूकडे जाऊ. खरं सांगू? बूट घेतले होतेच मुळी त्याच्यासाठी. गेल्या खेपेला त्याने नवा टीव्ही दाखवला, तोही बंदच, आणि मी वेड्यासारखा विचारून बसलो, "केवढ्याला?" तेव्हा तो जो काय हसला ना... तसंच एकदा मला त्याच्यासमोर हसायचं होतं. बायकोला घेऊन गेलो, तर मेहुणी दारातच. "भाऊजी, बूट बाहेरच हं, आत्ताच फरशी पुसलीय." अठरा हजार दाराबाहेर, आणि आत मी, मोज्याला अंगठ्याशी भोक! चहा पिताना डोळे दाराकडेच. शेवटी "कुत्रं नेईल" असं काहीतरी पुटपुटत उठलो, बूट आत आणले आणि मांडीवर घेऊन बसलो. पण तोंडातून हूं की चूं नाही. किंमत आपण सांगायची नसते.

आणि विचारलं हो! साडूने एक बूट हातात घेतला, आतून बोट फिरवलं, शिवण बघितली. "साडूभाऊ, वस्तू आहे हां. केवढ्याला पडले?"

मी छाती भरून तोंड उघडलं... आणि समोर बायको. तिला मी अठराशे सांगितले होते. एक शून्य तेवढं गाळलं होतं, शून्याला असते काय किंमत? तीच म्हणाली, "सांगा की, अठराशे. मी तर म्हटलं, एवढे तरी कशाला घालवायचे?"

"अठराशेच?" साडूने पाकीट काढलं, मोजून अठराशे माझ्या मांडीवर ठेवले. "मलाही एक जोड आणा. आठ नंबर." माल संपला म्हणणार होतो, तेवढ्यात बायको, "आणतील की, दुकान यांच्या वाटेवरच आहे."

आणला. सांगता कुणाला? काल हा गृहस्थ तेच बूट घालून आमच्या दुकानात आला, काउंटरला वळसा घालून, पाय पुढे करून उभा राहिला. मालकांनी तत्काळ विचारलं, "वा! केवढ्याला?"

"अठराशे. यांनीच आणून दिले."

मालक वाकून माझ्या पायांकडे बघायला लागले. बघितलं, अखेर कुणीतरी नीट बघितलं. मी तत्त्वाला आजही पक्का आहे, एक अक्षर बोललो नाही.

मालकांचा नंबर नऊ आहे.