मागचं दार

[सन १९७४. कुंडलच्या अलीकडचं एक गाव. सरपंच लालासाहेबांच्या अंगणातली एक खोली सरकारी आरोग्य उपकेंद्राला दिलेली आहे. नर्स शमशाद तिथंच राहते.]

लालासाहेब – आन् आता दुसरं दार कशाला? एक हाय की. चांगलं सागवानी.

शमशाद – आहे. पण ते तुमच्या अंगणात उघडतं. खालच्या आळीतल्या बायका अंगणात पाय ठेवत नाहीत.

लालासाहेब – मी कुणाला आडवलंय? एकदा तरी आडवलं आसंल तर नाव सांगा.

शमशाद – तुम्ही नाही अडवलं. दोन महिन्यांमागं सुईणीची, रंगूबाईंची सून आली होती. तुळसा. सहावा महिना. तिचा नंबर यायच्या आधीच तुमच्या आईंनी अंगणात सडा घातला, दुपारी बारा वाजता. ती उभी होती तिथं, तिच्या पायाभोवतीनं. ती तशीच माघारी गेली. त्या दिवसापासून आळीतलं एक माणूस इथं आलेलं नाही.

लालासाहेब – आई ऐंशी वर्साची हाय. तिला मी काय शिकवू? माझं तरी कुठं ऐकती? मी सोता खालच्या आळीत जाऊन च्या पितो. इलेक्शनला गेलो की घरटी एक कप.

शमशाद – इलेक्शनला.

लालासाहेब – बाई, तुमी आष्ट्यास्नं आलात. मुसलमानाची पोर अंगणात ऱ्हानार म्हनल्यावर आई दोन दिस जेवली न्हवती. तरी मी ठिवून घेतलं का न्हाई?

शमशाद – घेतलंत. म्हणून तर तुमच्यापाशी आले. मागच्या भिंतीला दार पाडू या. तिकडचा बोळ सरळ खालच्या आळीत उतरतो. अंगणाचा संबंधच यायचा नाही.

लालासाहेब – एवढंच व्हय? मला वाटलं आता कायतरी मोट्टं मागनार तुमी. उद्याच आकाराम गवंड्याला लावतो. चौकट गोठ्यात पडल्याली हाय. आईचंबी भागंल, तुमचंबी भागंल.

शमशाद – खरंच पाडाल?

लालासाहेब – आवं, मी काय राक्षस हाय का?

•

रंगूबाई – बगितलं की दार. बेस झालंय. पर सून यायची न्हाई, बाई.

शमशाद – का, मावशी? आता अंगण नाही, सडा नाही, कुणी बघायलाही नाही.

रंगूबाई – परवा चौकट बसली आन् मालकाचा गडी आळीत सांगून गेला. आता तुमचं दार मागनं, फुडनं कुनी दिसायचं न्हाई. आवं, आजपातूर आमी भीत हुतो ती गोष्ट येगळी. पर दार तर एकच हुतं. जाऊ कवातरी, आसं मनात म्हनता येत हुतं. आता भिताड फोडून तुमीच वाटनी करून दिली.

शमशाद – माझ्या मनात तसं नव्हतं हो.

रंगूबाई – मला ठावं हाय ते. म्या आळीत तेच बोलले. पोरगी भोळी हाय म्हनलं.

शमशाद – तुळसाचे पाय कसे आहेत?

रंगूबाई – लय सुजल्यात. सकाळचं तोंडबी सुजतंय. चाळीस वर्सं बाळातपनं केली म्या, निम्मं गाव माझ्या हातावर आलंय. पर आसल्या सुजंला माझ्याकडं काय इलाज न्हाई.

शमशाद – मग आणा ना तिला! बुधवारी डॉक्टर येतात दोन तास. बी.पी. बघायचं मशीन त्यांच्याजवळच असतं, मला दिलेलं नाही. नाहीतर मीच घेऊन आले असते तुमच्याकडं.

रंगूबाई – ती म्हनती, मरान आलं तर माझ्या उंबऱ्यात येऊ दे. त्यांच्या मागच्या दारात नगं.

शमशाद – आणि मी पुढचं दार आतून लावून घेतलं तर? सगळ्यांनाच मागून. लालासाहेबांची सून असली तरी मागून.

रंगूबाई – तुमची खोली जाईल.

शमशाद – जाईल.

रंगूबाई – मग ऱ्हाशीला कुटं? ह्या गावात तुमाला दुसरं कोन ठिवून घेईल?

शमशाद – ते मलाही माहीत नाही, मावशी. तुम्ही तुळसाला सांगा. बुधवारी एकच दार उघडं असेल.

रंगूबाई – सांगती. येईल का न्हाई, ते तिच्या मनावर.

•

लालासाहेब – कडी काढा, बाई! माझ्याच अंगणात मला खिडकीतनं बोलायला लावता व्हय?

शमशाद – मागून या ना. उघडंच आहे.

लालासाहेब – माझ्या घरात मी मागनं येऊ? चांगल्या घरच्या चार बाया उनात उभ्या ऱ्हाऊन माघारी गेल्या. त्यात माझी सून. आन् डाक्टरानं दोन तासांत बगितलं किती जनींना?

शमशाद – एकीला. तुळसाला.

लालासाहेब – एकीला! वर कळवा आता, उपकेंद्र झोकात चाललंय म्हनून.

शमशाद – लालासाहेब, ऐका तरी. ती आत पडलीय, रंगूबाई जवळ बसल्यात. तिचं बी.पी. भयंकर वाढलंय. डॉक्टर चिठ्ठी देऊन फटफटीवरून पुढच्या गावाला गेले. आजच्या आज सांगलीला न्या म्हणालेत. तिला झटके आले तर दोन्ही जीव हातचे जातील. एस.टी. आता एकदम उद्या सकाळी. गावात जीप एकच आहे.

लालासाहेब – हाय की. माझीच हाय.

शमशाद – द्याल ना?

लालासाहेब – जीप मी आजवर कुनाला न्हाई म्हनलोय? जोतीराम डायवर भाईर बसलाय. तुमी कडी काढा, त्यो गाडी चालू करतो.

शमशाद – ह्या दोन गोष्टी तुम्ही एकत्र कशाला बांधता?

लालासाहेब – मी बांधल्या? कडी कुनी लावली? बाई, तुमची आज ना उद्या बदली हुईल. मला हितंच मरायचंय. आज दिस मावळायच्या आत चावडीवर लोक म्हनत्याल, सरपंचाला त्याच्याच जाग्यात एका नर्सनं दाराभाईर ठिवला. त्यास्नी कडी काढल्याली दिसली पायजे. मग सांगलीला न्या न्हाईतर पुन्याला न्या.

शमशाद – आणि नाही काढली तर?

लालासाहेब – तर काय? मी काय बोललोय का तसं? उनात किती येळ उभं करताय, एवढंच म्हनतोय.

रंगूबाई – काढा, बाई.

शमशाद – मावशी, तुम्ही तरी–

रंगूबाई – काढा म्हनते न्हवं. तिच्या डोळ्याम्होरं काजवं चमकाय लागल्यात. तिला धरू का तुमची समजूत काढू?

शमशाद – काढली. घ्या. बघा, काढली.

लालासाहेब – आसं. पोरीला मागनंच न्या, आँ? जोतीराम! जीप बोळाकडं घे रं. आन् सावकाश हान, खड्डं हायत. पोटुशी बाई हाय गाडीत.

•

शमशाद – बसा मावशी. चांगले पंधरा दिवस लागले. तुळसा?

रंगूबाई – घरी आनली काल. उटून बसती, दोन घास खाती. ल्योक झाला हुता. दोन दिस हुता.

शमशाद – या अल्ला.

रंगूबाई – तितली डाक्टरीन म्हनली, म्हैनाभर आदी दावली आसती तर वाचला आसता. म्या मान हालवली. तिला काय सांगायचं? आमच्यास्नं ह्या खोलीपातूर किती लांब पडतंय, ते तिला सांगलीत बसून कसं कळंल?

शमशाद – माझी चूक झाली. दार पाडायच्या आधी तुम्हाला विचारायला हवं होतं.

रंगूबाई – इचारलं आसतं तर म्या तरी काय सांगनार हुते? माझा थोरला त्यांच्याच रानात राबतोय.

शमशाद – मी वर अर्ज केलाय. उपकेंद्र शाळेशेजारच्या जागेत हलवा म्हणून. तिथं कुणाचं अंगण नाही. रस्त्यावरनं सगळ्यांनी सारखंच यायचं.

रंगूबाई – मग? काय म्हनलं वरचं?

शमशाद – अभिप्रायासाठी गावाकडं पाठवलाय.

रंगूबाई – गावाकडं म्हंजी?

शमशाद – सरपंचांकडं.

रंगूबाई – म्हंजी मालकाकडंच की.

शमशाद – हो. काल दाखवला मला त्यांनी. रागावले पण नाहीत. टेबलाच्या खणात ठेवला आणि म्हणाले, बघू सवडीनं. वर मला चहा पाजला.

रंगूबाई – तुमी बदली घ्या, बाई. तरन्या हायसा. हितं कशाला जीव आटवताय?

शमशाद – रोज मनात येतं. मग वाटतं, माझ्यामागनं येईल तिलाही राहायला हीच खोली मिळणार.

रंगूबाई – ते बी खरं.

शमशाद – आळीत आणखी कुणाला दिवस गेलेत?

रंगूबाई – दोगी हायत. केरबाच्या घरात सातवा लागलाय. बनुबाईच्या लेकीला पाचवा. तिचा चेहरा मला बरा दिसंना. पांडरीफटक पडलीया.

शमशाद – बुधवारी आणाल त्यांना?

रंगूबाई – न्हाई यायच्या. तुळसाचं बगितलंय त्यांनी.

शमशाद – मग मीच येते. आज दुपारी. मशीन नाही, पण दोघींना बघून तरी जाते.

रंगूबाई – या. च्या ठिवती. पर नुसतं बगायला मीबी हाय, बाई.